गिरणी बंद होती तेव्हा

गिरणी सुरू केली तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, वीटभट्टीवर जायचं नाही. धंदा कसा करतात, पीठ कसं पाडतात, यातलं मला काही कळत नव्हतं. माझे आईवडील दिवाळी झाली की भट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचे. आम्हाला जमीन नव्हती, आजोबांनाही नव्हती, त्यामुळे गावात थांबून खायचं काय हा प्रश्न दर वर्षी असायचा. मी आश्रमशाळेत राहायचे म्हणून माझी बहुतेक वर्षं सुटली. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद झाली की घरी कोणीच नसे, मग मलाही भट्टीवरच जावं लागे. आईच्या शेजारी बसून मी चिखलाचे गोळे करून द्यायची आणि ती ते साच्यात आपटायची. तिच्या बोटांची टोकं त्या कामात इतकी गुळगुळीत झाली, की आजही रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. दुकानदार तिला साडीला हात पुसायला लावतो, दुसरं बोट ठेवायला लावतो, आणि ती मुकाट्यानं एकेक बोट ठेवत जाते.

बारावी झाली, लग्न झालं आणि मी जव्हारकडच्या वांगणीहून पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर आले. सासरीही जमीन नव्हती. पहिल्या वर्षी नवऱ्याबरोबर मीही भट्टीवर गेले, तेव्हा मुलगी पोटात होती. परत आल्यावर मी त्याला सांगितलं, मी पुन्हा येणार नाही. तो म्हणाला, "मग इथं काय करशील?" मला माहीत नव्हतं.

पुढं पाड्यावर दहा बायकांचा बचत गट झाला आणि गटाला सरकारी योजनेतून एक पिठाची गिरणी आणि भात भरडायचं यंत्र मिळालं. आमच्या घरापासून बारा पावलांवर पत्र्याची शेड उभी राहिली. नारळ फोडला, फोटो काढले. सुरुवातीला आम्ही पाळीपाळीनं गिरणीवर बसायचो. मग एकीला फिरत्या पट्ट्याची भीती वाटायला लागली. दुसरीचा नवरा तिला कामावर घेऊन गेला. तिसरीला पिठानं खोकला धरला. कोणी भांडून गेलं नाही, पण दुसऱ्या दिवाळीपर्यंत नऊ जणी गेल्या आणि मी राहिले. यंत्राचे राहिलेले हप्ते मी माझ्या अंगावर घेतले आणि गटानं ते माझ्या नावावर करून दिलं. मला त्याचं ओझं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. ज्यांच्या शेतावर माझ्या सासूनं आयुष्यभर आवणी केली, वाकून भाताची रोपं लावली, तिथली माणसं भाताची गोणी घेऊन माझ्या दारात उभी राहायची आणि विचारायची, "वहिनी, आज होईल का?" पहिली तीन वर्षं मला तेवढं पुरलं.

मग ते पुरेनासं झालं.

गिरणीला वेळ नसते. शेतावर जाणारी माणसं सकाळी उजाडताच दळण टाकून जातात आणि शेतावरून येणारी दिवेलागणीला घेऊन येतात. मधल्या वेळात कोणी नसतं, पण कोण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बसून राहावं लागतं. वीज कधी असते, कधी नसते. कधी असूनही एक फेज गेलेला असतो आणि मोटार नुसती घुमते. मग वीज आली की सगळी दळणं एकदम. नवरा तोवर भिवंडीला गोदामात माल चढवायच्या कामाला लागला होता. होळीला यायचा आणि पावसात आठ दिवस. सासू वारली. मुलगी आश्रमशाळेत. मोटार चालू करणारं माझ्याशिवाय पाड्यावर कोणी नव्हतं.

शेडला एक खिडकी आहे. तिच्यातून मोठ्या रस्त्याचं खालचं वळण दिसतं, जिथं मोखाड्याला जाणारी जीप थांबते. सकाळी भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या असताना मी त्या खिडकीतून जीपमध्ये चढणारी माणसं बघायची. कोणी दवाखान्यात चाललेलं असे, कोणी तहसीलला दाखल्यासाठी, कोणी नुसतं पाहुण्यांकडं. मला त्यांच्यातल्या कोणाच्याही कामाचा हेवा वाटायचा, दवाखान्याचासुद्धा. मुलगी सुट्टीत आली की म्हणायची, "आई, तू फोनवर भांडल्यासारखी बोलतेस." मला कळायचंच नाही. मोटारीच्या आवाजात माझं ऐकणं हळूहळू कमी झालं होतं.

दिवाळीनंतरचे महिने सगळ्यात वाईट. भट्टीवाल्यांचे टेम्पो यायचे आणि आमच्यासारखी बिनजमिनीची सगळी घरं भांडीकुंडी, कोंबड्या घेऊन निघून जायची. शेतीवाल्यांतलेही तरुण ठाण्याकडं बांधकामावर जायचे. मागं राहायची म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लहान पोरं. गोण्यांच्या जागी गाठोडी यायची, दोन किलो नागली, म्हणजे नाचणी, कधी किलोभर तांदूळ. एवढ्यासाठी गिरणी चालू ठेवून हाती काही लागत नसे. पण बंद तरी कशी ठेवणार? दुसरी गिरणी दोन तासांच्या वाटेवर, आणि मागं राहिलेली माणसं नेमकी तीच, ज्यांना तेवढं चालवत नाही.

एकदा माझ्या भावाच्या लग्नाला मी गेले. हळदीला पोचलेच नाही, लग्नाला मात्र गेले आणि दोन रात्री राहिले. तिसऱ्या दिवशी परत आले तर दारात सात गाठोडी. कोणी मला बोललं नाही. एक म्हातारी फक्त म्हणाली, "पोरांना भाकर पायजे होती गं. पेजेवर काढले दोन दिवस." तिनं तक्रार म्हणूनही सांगितलं नव्हतं. ती शिव्या देती तर मी उलट काहीतरी बोलले असते. त्यानंतर मी मुक्कामाला कुठं गेले नाही. आईकडून निरोप यायचा, "कवा येशील?" आणि मी म्हणायची, "बघते."

त्याच काळात जव्हारला व्यवसाय करणाऱ्या बायकांचं एक दिवसाचं शिबिर झालं. पंचायतीतून निरोप आला, जायलाच हवं म्हणाले, म्हणून गेले. सभागृहात आम्ही चाळीसेक जणी होतो. कोणी पापड करणारी, कोणी शिवणकाम करणारी, एकीची चहाची टपरी. शहरातून आलेल्या एक बाई माइकवर बोलत होत्या. चांगल्या होत्या, मनापासून बोलत होत्या. म्हणाल्या, धंद्यात मन खचतं तेव्हा आपलं स्वप्न डोळ्यांसमोर आणायचं. मग प्रत्येकीला एक रंगीत कार्ड दिलं आणि पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता ते लिहायला सांगितलं.

मी बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी लिहिलं, "आईकडे, चार दिवस."

बाई कार्डं वाचत वाचत माझ्यापाशी आल्या. त्यांनी वाचलं आणि हसल्या. हसणं वाईट नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, हे तर कधीही करता येईल. मोठं लिहा. व्यवसायाचं लिहा." मी ते खोडून लिहिलं, "दुसरी गिरणी." त्यांनी ते माइकवर वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. परतताना एसटीत खिडकीशी बसले आणि माझ्या लक्षात आलं, की एक गिरणी मला हलू देत नाही आणि मी दुसरी मागून आले.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आमच्या ट्रान्सफॉर्मरवर वीज पडली.

दुपारची वेळ होती. मी भात भरडत होते. आधी पांढरा उजेड झाला, मग आवाज, मग मोटार थांबली. पट्टा हळूहळू सुटत गेल्यासारखा फिरला आणि गप्प झाला. मी बाहेर आले तर वरच्या अंगाला विजेच्या डांबावरून धूर येत होता. त्याच रात्रीच्या पावसात खालच्या ओढ्यावरची मोरी वाहून गेली आणि पाड्याचा रस्ता तुटला.

दोन दिवसांनी पाऊस जरा ओसरल्यावर वायरमन ओढा ओलांडून चालत आला. वर पाहिलं, डोकं खाजवलं.

"पूर्ण गेलाय," तो म्हणाला. "नवीन बसवावा लागेल."

"किती दिवस?"

"नवीन मिळेल, ताई. पण ट्रक वर कुठून आणू? मोरी झाल्याशिवाय काही नाही."

"आणि मोरी?"

त्यानं आभाळाकडं हात केला.

पहिले चार दिवस मी नुसती धावत होते. शेडमध्ये लोकांचं धान्य पडलं होतं, ओल लागली तर सगळं वाया जाणार. घरोघरी जाऊन ज्याचं त्याला परत केलं. गिरणीच्या तोंडावर पोतं बांधलं, मोटारीवर प्लास्टिक टाकलं. बायकांनी माळ्यावरची जाती खाली काढली. ज्यांच्या घरी तरणी माणसं होती त्यांनी डोक्यावर गाठोडी घेऊन दोन तासांच्या वाटेवरच्या गिरणीचा रस्ता धरला. जो भेटे तो मला विचारे, "कधी येईल वीज?" जणू मीच ती कुठंतरी ठेवून दिली होती.

पाचव्या दिवशी मला जाग आली तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. पाऊस पडत होता. दारात कोणी हाका मारत नव्हतं. मी पडून राहिले, आणि मला एवढा आनंद झाला की मी घाबरले. लोकांची खाण्याची पंचाईत झाली होती आणि मी गोधडीत पाय ताणून पडले होते. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी उठले, चहा केला, गुळाचा, आणि तो बसून प्यायले. नंतर एका पिशवीत दोन साड्या भरल्या, घराला कडी घातली आणि ओढ्याच्या उतारावरून चालत निघाले. मोठ्या रस्त्यावर जीप मिळाली. मोखाडा, जव्हार, तिथून पुढं वावर गावाच्या बाजूची जीप, आणि शेवटचं पुन्हा चालणं. आईच्या दारात पोचले तेव्हा मी गुडघ्यापर्यंत चिखलात होते.

आई म्हणाली, "कोण मेलं?"

"कोणी नाही."

"मग कशी आलीस?"

"गिरणी बंद आहे."

तिनं माझ्या पायावर पाणी ओतलं. जेवायला वाढलं. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "केस पांढरे झाले तुझे." मी हात लावून पाहिलं. ते पीठ नव्हतं.

आठ दिवस मी तिथं होते. आई आता भट्टीवर जात नाही, कंबर गेली तिची. आम्ही सकाळी रानभाजी आणायला जायचो आणि मग दारात बसून निवडायचो. आमची घरची बोली वेगळी आहे, इथं लिहिताना माझ्या हाताला शाळेतली मराठी येते. त्या आठ दिवसांत मी फक्त घरचं बोलले आणि जोरात बोलायची गरज पडली नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता मी तिला सगळं सांगितलं. खिडकी, जीप, गाठोडी, भावाच्या लग्नानंतरची म्हातारी. आई ऐकत होती.

"भट्टीवर आमचा मुकादम होता," ती म्हणाली. "तो ऊठ म्हणाला की उठायचं, बस म्हणाला की बसायचं. त्याला आम्ही मनात शिव्या तरी द्यायचो. तुझा मुकादम कोण हाय?"

ती पुन्हा भाजीकडं वळली. तिनं मला टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

परत आले तेव्हा माझं ठरलं होतं. नवऱ्याचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, इथं गोदामात बायकांना पॅकिंगचं काम आहे, आठ तास, रविवारी सुट्टी. एक खोलीही बघून ठेवली आहे. "गिरणी विकून टाक," तो म्हणाला, "कितीदा सांगू?" या वेळी मी हो म्हणाले. तो एवढा चकित झाला की त्यानं पुन्हा विचारलं. खालच्या वळणावर थांबणाऱ्या जीपवाल्याला मी सांगून ठेवलं, कोणाला गिरणी हवी असेल तर सांगा. आठवड्याभरात त्यानं निरोप आणला. खोडाळ्याच्या बाजूला एका गिरणीवाल्याला आणखी एक यंत्र हवं होतं. वीज आली की चालवून बघेन, मग ठरवू, असं त्यानं कळवलं होतं.

दीड महिना गेला. मी लोकांच्या शेतावर आवणीला गेले, बाकीच्या बायकांबरोबर वाकून, पाठीवर इरलं घेऊन. संध्याकाळी अंग मोडून यायचं, पण काम संपलं की संपलं. शेजारणी विचारायच्या, वीज आली की गिरणी लगेच चालू करशील ना. मी म्हणायची, बघू. विकणार आहे असं मी एकीलाही सांगितलं नाही. सांगायचं धाडस नव्हतं म्हणा.

पाऊस उघडल्यावर ओढ्यात सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम पसरला, आणि त्याच आठवड्यात ट्रान्सफॉर्मर आला. गिरणीवाला दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर आला. पन्नाशीचा माणूस, पुढचे दोन दात पडलेले, कानात केस. नमस्कार झाला आणि आम्ही बोलायला लागलो. जरा वेळानं मला जाणवलं की आम्ही दोघंही ओरडून बोलतोय आणि दोघांनाही ते नेहमीचंच वाटतंय.

तो यंत्राभोवती फिरला. पट्टा ओढून बघितला, बेअरिंगला कान लावल्यासारखं केलं. "चालवा," म्हणाला.

मी घरातली नागली आणली. गिरणीत दीड महिन्याची ओल होती, म्हणून आधी मूठभरच दळून ते पीठ फेकून दिलं. मग बाकीचं धान्य सोडलं. त्यानं पिठाच्या तोंडाखाली हात धरला आणि दोन बोटांत चोळून बघितलं.

"जाडं पडतंय," असं तो म्हणेपर्यंत माझा हात चाकावर गेला होता. मी दगड थोडे आवळले, आवाज बदलला, तेवढ्यावर थांबले. त्यानं पुन्हा हात धरला. या वेळी बराच वेळ चोळत राहिला.

"दगडांना टाकी कोण लावतं, खाचा कोण पाडतं?"

"मीच."

"शिकवलं कोणी?"

"कोणी नाही. दोन दगड वाया घालवले, मग जमलं."

तो हसला. "माझे चार गेले." मग पीठ परातीत झटकत म्हणाला, "हात बसलाय तुमचा. आवाजावरून दगड ओळखता. माझा मुलगा सहा वर्षं बसतोय गिरणीवर, त्याला अजून कळत नाही."

हे ऐकून मला काय झालं ते सांगणं अवघड आहे. नऊ वर्षांत लोकांनी मला गिरणी चालू आहे का, कधी होईल, उशीर का झाला, एवढंच विचारलं होतं. नवरा म्हणायचा सोड. शिबिरातल्या बाई म्हणाल्या मोठं लिहा. मला हे काम येतं, असं कोणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तिथं चाकावर हात ठेवून उभी राहिले आणि त्याच्याकडं बघायचं टाळलं.

तेवढ्यात दारात सावली आली. मोटारीचा आवाज पाड्यावर पोचला होता. एक बाई टोपलं घेऊन आली, मग दोघी, मग भाताची गोणी खांद्यावर घेऊन एक जण. मी म्हणाले, "थांबा, हे पाहुणे यंत्र बघायला आलेत." पण म्हणता म्हणता पहिलं टोपलं रिकामं करून घेतलं. गिरणीवाला बाजूला सरकला. थोड्या वेळानं तोही गोणी उचलायला हात लावू लागला. सवयच ती. गर्दी मधे जरा पांगली तेव्हा तो कोंड्याच्या पोत्यावर बसला आणि विचारलं, "का विकताय?"

"इथून बाहेर पडता येत नाही," मी म्हणाले.

"बंद कधी ठेवता?"

"ठेवत नाही."

"एकही दिवस नाही?"

"नाही."

तो मान हलवत राहिला. "मी बाजारच्या दिवशी बंद ठेवतो. पहिले दोन महिने शिव्या खाल्ल्या. मग लोक आदल्या दिवशी आणायला लागले."

"आणि म्हातारी माणसं? ज्यांच्या लक्षात राहत नाही?"

"ती येतात," तो म्हणाला. "त्यांना सांगायचं, उद्या या." मग म्हणाला, "ते सांगायला जड जातं. खोटं कशाला बोलू."

दळणं संपेनात. चार वाजले तसा तो उठला, त्याला उजेडात घाट उतरायचा होता. "यंत्र चांगलं आहे, मला हवंय," तो म्हणाला. "तुमचं ठरलं की फोन करा." मी मान हलवली. तो गेला आणि मी दळत राहिले.

मी फोन केला नाही. त्यावर विचार करून, मनाशी काही पक्कं करून मी थांबले असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दळण होतं, तिसऱ्या दिवशी होतं. दीड महिन्याचं तुंबलेलं होतं. आठवड्यानं नवऱ्याचा फोन आला.

"काय झालं? बघून गेला ना तो?"

"गेला."

"मग?"

"यंत्र विकायचं नाही मला."

मी म्हणाले, "ऐकतोयस का?" तो म्हणाला, "तूच म्हणाली होतीस ना, येते म्हणून. मी खोली धरून ठेवली होती." आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. त्या वर्षी तो होळीला आला नाही. पुढं येऊ लागला, पण खोलीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही आणि मीही नाही. मी त्याला एकट्याला तिथं ठेवलं आणि मी एकटी इथं राहिले, हे माझ्या गिरणीच्या पोटात आहे. तो म्हणतो, तुझा हट्ट. मी नाही म्हणत नाही.

एक मात्र मी केलं. गिरणीवाल्याचं ऐकलं. दारावर खडूनं लिहिलं, बाजारच्या दिवशी गिरणी बंद. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडानं सांगितलं. महिनाभर आधीपासून सांगत होते.

पहिल्या बाजारच्या दिवशी मी आंघोळ करून घरात बसले. बाजारला जायचं ठरवलं होतं, पण पाय निघेना. दहाच्या सुमाराला वरच्या अंगाला राहणारा एक म्हातारा काठी टेकत आला. त्याची मुलं कामाला बाहेर होती, घरी तो आणि दोन नातवंडं. त्यानं गाठोडं गिरणीच्या दारात ठेवलं आणि शेजारी बसला. त्याला कोणी सांगितलं नसेल, किंवा सांगितलेलं लक्षात राहिलं नसेल. मला वाटलं थोडा वेळ बसेल आणि जाईल. तो गेला नाही. त्यानं हाकही मारली नाही. अधूनमधून खोकायचा, तेवढंच ऐकू यायचं, आणि माझ्या कानांना एरवी काही ऐकू येत नाही.

मी घर झाडलं. मग पुन्हा झाडलं. दोनदा दारापर्यंत गेले. दोन किलो नागलीला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. पण दहा मिनिटं मोटार चालली की पाड्याला ऐकू जाणार आणि मग तो दिवस उरणार नाही, त्याच्यानंतरचा कुठलाच उरणार नाही. मी आत बसून राहिले. दुपारी भाकरी थापली आणि खाल्ली नाही. स्वतःच्या घरात मी अशी लपून बसले होते, की आईनं पाहिलं असतं तर तिला मुकादम कोण ते कळलं असतं.

ऊन कलल्यावर तो उठला, माझ्या दारापाशी आला आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तो सावकाश प्यायला.

"आज बंद हाय का?" त्यानं विचारलं.

"हो, बाबा. बाजारच्या दिवशी आता बंद असते."

"असं." त्यानं तांब्या खाली ठेवला. "मग उद्या?"

"उद्या चालू आहे. सकाळी पहिलं तुमचंच करते."

"बरं," म्हणाला. गाठोडं तिथंच राहू द्या, मी सांभाळते, असं मी म्हणाले. त्यानं जरा विचार केला आणि ते उचलून काखेत घेतलं. "आज तांदूळच शिजवू," असं म्हणत तो चढ चढायला लागला. तो वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी होते. त्याला हाक मारावी असं मला त्या सगळ्या वेळात वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आला. मी त्याची नागली घातली, दगड नेहमीपेक्षा जास्त आवळले, अगदी मऊ पीठ पाडलं. त्यानं चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाला, "लई बारीक केलंस गं बाय. भाकर तुटंल." मी दगड सैल केले आणि उरलेलं जाडं पाडून त्यात मिसळून दिलं.

आता तीन वर्षं झाली. बहुतेक लोक आदल्या दिवशी दळण आणतात. काही अजून बोलतात, तोंडावर नाही तर पाठीमागं. बाजारच्या दिवसांपैकी चारपाच वेळा मी आईकडं जाऊन आले, एकदा मुलीच्या शाळेत. बाकीचे दिवस मी घरातच असते. कोणी दारात येऊन बसलं की मला कळतं, आणि मी बाहेर जाऊन सांगते, उद्या या. आत लपून बसायचं मी सोडलं आहे. सांगायला अजून जड जातं.